भूतानचे नेपाळीभाषक निर्वासित अमेरिकेत आल्यावर काय खातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी काहीजण निर्वासित कुटुंबांना मदत करतात. कुणी इंग्रजी शिकवतं, कुणी दवाखान्यात सोबत जातं. त्यांच्याकडून आणि आहारशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींकडून तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. 'निर्वासितांचा आहार' म्हटलं तर विषय फार मोठा होतो. सोमाली, सीरियन, म्यानमारमधून आलेले करेन, सगळ्यांची चूल वेगळी. मला बऱ्यापैकी माहीत आहेत ते भूतानमधून आलेले नेपाळीभाषक, तेव्हा इथे त्यांच्याबद्दलच.

हे लोक मूळचे कुठले? नेपाळचे की भूतानचे?

भूतानचे. दक्षिण भूतानच्या उतारांवर पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे नेपाळीभाषक, म्हणजे ल्होत्साम्पा. बहुतेक हिंदू, काही बौद्ध, काही किरात (हा डोंगरी जमातींचा जुना धर्म), आता काही ख्रिस्तीही. १९८५ च्या नागरिकत्व कायद्यानंतर १९८८ ची जनगणना झाली. १९५८ मध्ये आपण भूतानात राहत होतो याचा कागद, बहुतेकदा शेतसाऱ्याची पावती, ज्यांना दाखवता आली नाही ते परके ठरले. १९९० च्या आंदोलनानंतर घरं रिकामी करायला लावली गेली आणि लाखाच्या आसपास माणसं पूर्व नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या सात छावण्यांत येऊन पडली. बेलडांगी, गोल्धाप, तिमाई, खुदुनाबारी ही त्यांतली काही नावं. तिथे जवळजवळ अठरा-वीस वर्षं गेली. २००७ च्या अखेरीपासून आठ देशांनी त्यांना घ्यायला सुरुवात केली. एक लाखाहून जास्त माणसं गेली, त्यातली नव्वद हजारांहून जास्त एकट्या अमेरिकेत. ओहायोतलं कोलंबस आणि ॲक्रन, पेनसिल्वेनियातलं पिट्सबर्ग आणि हॅरिसबर्ग इथे त्यांच्या मोठ्या वस्त्या आहेत.

भूतानात ते काय खात होते?

दाल, भात, तरकारी. मका, नाचणी आणि फापर (म्हणजे कुट्टू) यांचा ढिडो. ढिडो म्हणजे पिठाचा घट्ट घाटा, उकळत्या पाण्यात पीठ वैरून लाकडी पळीने घोटायचा आणि डाळीत किंवा रश्श्यात बुडवून गिळायचा. (नेपाळीत 'कोदो' म्हणतात ती आपली नाचणी. आपला कोद्रा वेगळा. या एका शब्दामुळे आहाराच्या नोंदी चुकलेल्या मी पाहिल्या आहेत.) दारात गाय, त्यामुळे दूध, दही, ताक, तूप घरचं. संत्र्याच्या बागा आणि वेलची ही रोख पैशाची पिकं. रायोचा पाला, म्हणजे मोहरीच्या जातीची रुंद पानांची भाजी, जवळपास रोज. रानातून निउरो म्हणजे नेच्याचे कोवळे कोंब आणि बांबूचे कोंब यायचे, त्यांना तामा म्हणतात. मांस सणाला. दशैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, बोकड कापला जायचा.

हे सगळं थोडं रंगवूनही सांगितलं जातं. साठी ओलांडलेला माणूस सोडलेल्या गावाबद्दल बोलताना दुधाच्या कासंड्या मोठ्याच करतो. तरी घरात गाय होती आणि पायाखाली शेत होतं हे खरंच आहे.

म्हणजे अमेरिकेत आल्यावर एकदम सगळं बदललं?

हाच सगळ्यांचा समज, आणि तो चुकीचा आहे. 'गावाकडचं सकस अन्न' आणि 'अमेरिकेचं डबाबंद अन्न' अशी दोनच टोकं धरली की मधली वीस वर्षं गळून पडतात. त्यांचं खाणं विमानात बसण्याआधीच बदललेलं होतं. छावणीत.

छावणीत शेती करायची परवानगी नव्हती, गुरं ठेवायची नव्हती, बाहेर उघडपणे कामाला जायचं नव्हतं. दर पंधरवड्याला जागतिक अन्न कार्यक्रमाचा शिधा मिळायचा: तांदूळ, डाळ किंवा चणे, तेल, साखर, मीठ, थोडी भाजी. दूध, अंडी, मांस त्यात नव्हतं. ज्याच्या हाती चोरून-लपून केलेल्या मजुरीचे चार पैसे असत तो बाजारातून आणायचा. आधी रॉकेलचा स्टोव्ह, नंतर कोळशाच्या विटा, आणि इंधनही मोजून. जास्त वेळ शिजणारं काही करायचं तर विचार करावा लागे.

अशी वीस वर्षं. छावणीत जन्मलेल्या मुलीचं लग्न छावणीतच झालं, तिनेही तिथेच संसार मांडला. तिला भूतानच्या स्वयंपाकाची आठवण असेल तर ती सासूच्या तोंडची. तिच्या लेखी 'आपलं जेवण' म्हणजे शिध्याचं जेवण: भाताचा ढीग, पातळ डाळ, बटाट्याची तरकारी, मिरची. अमेरिकेतल्या डॉक्टरने तिला "तुमच्या पारंपरिक आहाराकडे परत जा" असं सांगितलं, तर ती नेमकी कशाकडे परत जाणार?

छावणीतला तांदूळ उकडा होता असं वाचलं. का?

सुरुवातीला पांढरा सडीक तांदूळ वाटला गेला आणि बेरीबेरीचे रुग्ण दिसू लागले. पाय सुन्न होणं, सूज, हृदयावर ताण. बेरीबेरी होते थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व कमी पडल्यावर, आणि हे जीवनसत्त्व असतं तांदळाच्या कोंड्यात. तांदूळ पांढरा करताना कोंडा जातो, त्याच्याबरोबर तेही जातं. बाकी ताट भरलेलं असेल तर चालून जातं, पण जिथे भात हेच ताट तिथे ते जिवावर येतं. मग शिध्यात उकडा तांदूळ आणला गेला. साळ आधी भिजवून उकडली की कोंड्यातलं थायमिन दाण्याच्या आत शिरतं आणि कांडल्यावरही बरंचसं उरतं.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही. उकड्या तांदळाची पेज पिऊन शेतावर जाणाऱ्या माणसाला जीवनसत्त्वाचं नाव माहीत नव्हतं, पेजेची ताकद माहीत होती. छावणीतल्या लोकांना मात्र हा तांदूळ आवडला नाही. वास येतो, दाणा जाड लागतो. अमेरिकेत पोचताच त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पांढऱ्याशुभ्र, लांब दाण्याच्या तांदळाची मोठी गोणी घरात आणली. त्यांना दोष देववत नाही.

अमेरिकेत उतरल्यावर पहिलं जेवण कुठलं?

पुनर्वसन करणाऱ्या संस्थेवर बंधन असतं की कुटुंब घरात पाऊल टाकेल तेव्हा त्यांच्या सवयीचं तयार जेवण आणि पुढच्या एका दिवसाचा शिधा तिथे असला पाहिजे. व्यवहारात आधी आलेलं एखादं नेपाळी कुटुंब डाळ-भात करून आणतं. आणणारं कुणी नसेल तर काय मिळेल ते नशिबावर. शीतकपाटात गार दूध, गार अंडी, पाव आणि हिरवट केळी असलेल्या घरात पहिली रात्र काढल्याचं एका आजींनी मला सांगितलं होतं. विजेच्या चुलीची बटणं कुणाला समजली नाहीत, म्हणून केळी खाऊन झोपले.

मग पिझ्झा-बर्गर खायला लागतात का?

मोठी माणसं फारशी नाहीत. दहा-बारा वर्षं राहिलेल्या घरातही दोन्ही वेळा डाळ-भातच शिजतो. म्हणूनच "आम्ही तर आमचंच खातो" हे त्यांचं म्हणणं खरं असतं आणि तरी वजन, साखर, रक्तदाब वाढलेला असतो. पदार्थ बदललेले नसतात, त्यांचं माप बदललेलं असतं.

तेलाचं उदाहरण घ्या. छावणीत ठरावीक मापात मिळायचं, पंधरा दिवस पुरवायचं, म्हणून फोडणी चमच्याने. इथे दुकानात तेलाचा मोठा कॅन स्वस्तात मिळतो आणि हात सैल होतो. फोडणीची तरकारी तळणाच्या वाटेवर जाते. साखरेचं तेच. चहा दिवसातून चार वेळा, आणि पाहुणा आला की सोड्याची, म्हणजे कोकसारख्या गोड पेयाची, दोन लिटरची बाटली. छावणीत कोकची बाटली म्हणजे कुणाच्या तरी लग्नातली चैन होती. इथे ती पाण्याच्या जोडीला टेबलावर असते, आणि पाहुण्याला नुसतं पाणी देणं बरं दिसत नाही.

दुसरा बदल वेळेचा. नेपाळी घरात जेवण दोनदा: सकाळी नऊ-दहाला भात, संध्याकाळी सूर्य मावळताना भात, मध्ये खाजा म्हणजे काहीतरी हलकं. इथे नवरा गोदामात रात्रपाळीला, बायको हॉटेलच्या खोल्या साफ करायला पहाटे. एका घरात दिवसाला पाच-सहा वेळा कुणी ना कुणी भात गरम करून खात असतं. पाळीवरून आलेला माणूस रात्री दोनला भात खाऊन लगेच आडवा होतो. खाज्याच्या जागी आले बटाट्याचे चिप्स आणि वाई-वाई नूडल्सची पाकिटं, पुष्कळदा न शिजवता, वरून मसाला टाकून कोरडीच.

तिसरा बदल ताटात दिसत नाही. पाय चालायचे थांबले. भूतानात चढण, छावणीत पाण्याच्या नळापर्यंत आणि बाजारापर्यंत चालणं. इथे म्हातारी माणसं दुसऱ्या मजल्यावरच्या घरात दिवसभर बसून. बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, भाषा येत नाही. भात तेवढाच.

मांस वाढतं का?

खूप. कोंबडीच्या तंगड्या हिरव्या पालेभाजीपेक्षा स्वस्त आहेत, हे गणित कुठल्याही गृहिणीला पहिल्याच आठवड्यात कळतं. दशैंची गोष्ट रोजची होते. सुरुवातीच्या महिन्यांत यात भलंही असतं, कारण प्रथिनं आणि ब-१२ यांची वर्षानुवर्षांची तूट भरून निघते. गाईचं मांस बहुतेक हिंदू घरांत आजही वर्ज्य, त्यामुळे पिझ्झावरच्या पेपरोनीपासून शाळेतल्या डब्यापर्यंत चौकश्या चालू राहतात. बोकड मात्र हवाच. सणाला काही कुटुंबं मिळून गावाबाहेरच्या शेतकऱ्याकडून अख्खा बोकड आणतात. गोठवलेल्या मटणाला 'खसी'ची, म्हणजे खच्ची केलेल्या बोकडाची, चव नाही, यावर म्हातारे आणि तरुण यांचं क्वचितच असणारं एकमत आहे.

ब-१२ ची कमतरता हा काय प्रकार आहे?

डॉक्टरांना आधी काही रुग्णांत रक्तक्षय, हातापायांना मुंग्या, खिन्नपणा, त्वचा काळवंडणं अशा तक्रारी दिसल्या. मग तपासणी झाली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, देश सोडण्यापूर्वी घेतलेल्या ९९ नमुन्यांपैकी ६४ टक्क्यांत ब-१२ कमी होतं. अमेरिकेत आल्यानंतरच्या दोन तपासण्यांत हे प्रमाण २७ आणि ३२ टक्के निघालं.

ब-१२ नैसर्गिकरीत्या प्राणिज अन्नातच मिळतं: दूध, अंडी, मासे, मांस. शिध्यात यातलं काही नव्हतं. यकृतात याचा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून छावणीत आल्या-आल्या कुणी आजारी पडलं नाही. साठा हळूहळू आटत गेला. पोटातला हेलिकोबॅक्टर जंतूही शोषणात अडथळा आणत असावा, असा संशय तेव्हाच व्यक्त झाला होता.

मराठी वाचकाने हे 'त्यांचं' दुखणं म्हणून वाचू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यांतही ब-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर सापडली. तिथे कुणी छावणीत नव्हतं. भात-भाकरी, डाळ आणि नावापुरतं दूध एवढ्यावर चालणाऱ्या घरात हे कुठेही होऊ शकतं.

मधुमेह नेमका कशामुळे वाढतो? भातामुळे?

एकट्या भाताला धरून फटकावण्यात अर्थ नाही, पण भाताचा वाटा आहे. लहानपणी उपासमार झालेलं शरीर, नंतर अचानक मुबलक उष्मांक आणि हालचाल कमी, हे तिन्ही एकत्र आले की साखर वाढते. त्यात दक्षिण आशियाई शरीराचा घाट: दिसायला सडपातळ, पोटावर चरबी. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्येच म्हटलं होतं की आशियाई लोकांत बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २३ च्या पुढे गेला की लक्ष द्यायला लागावं. २४ निर्देशांकाच्या नेपाळी काकांना "वजन उत्तम आहे" म्हणून परत पाठवणारे दवाखाने अजून आहेत.

एक बारीक गोष्ट. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा पांढऱ्या तांदळावर लोह, थायमिन, फोलिक आम्ल यांचा लेप दिलेला असतो आणि पिशवीवर लिहिलेलं असतं की धुऊ नका. आपल्याकडे न धुता तांदूळ चुलीवर ठेवणारी बाई आळशी ठरते, त्यांच्याकडेही तेच. तीन पाण्यांत तांदूळ धुतला की लेप मोरीत. आणि बाहेरून आलेल्या बासमतीच्या गोणीवर बऱ्याचदा मुळात लेपच नसतो.

फूड स्टॅम्पचा खाण्यावर काय परिणाम होतो?

फूड स्टॅम्प म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना किराण्यासाठी मिळणारी सरकारी मदत. दर महिन्याला कार्डावर पैसे जमा होतात, त्यातून किराणा घेता येतो, गरम तयार जेवण नाही. पैसे आले की आधी तांदळाची गोणी, तेल, डाळ, आणि महिना सरत आला की भाजी-फळं गळतात. पंधरवड्याच्या शिध्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला भरलेली गोणी दिसल्याशिवाय झोप येत नाही. पलंगाखाली तीन गोण्या दिसल्या तर त्याला साठेबाजी म्हणू नका. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालची मुलं यांच्यासाठी 'विक' ही वेगळी योजना आहे. तिच्यातलं दूध आणि अंडी घरात आनंदाने संपतात, दुधाचं दही लागतं. शेंगदाण्याच्या लोण्याच्या बरण्या कपाटात साचतात.

जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने नुसत्या निर्वासित दर्जावर फूड स्टॅम्प मिळण्याची सोय काढून घेतली. ग्रीन कार्डवाले आणि नागरिक पात्र राहतात. भूतानी समाजातले बरेचजण आता नागरिक आहेत, पण नव्याने येणाऱ्या इतर निर्वासितांना पहिल्या, सगळ्यात कठीण महिन्यांत याचा फटका बसतो.

मुलांचं काय?

मुलं शाळेत पिझ्झा, नगेट आणि चॉकलेटचं दूध घेतात आणि घरी आल्यावर डाळ-भाताकडे बघून तोंड वाकडं करतात. आई कामावर, सांभाळायला आजी. आजीला इंग्रजी येत नाही, म्हणून दुकानात पाकिटावरचं वाचून दाखवणारा नातूच असतो, आणि काय घ्यायचं तेही तोच ठरवतो. घरातल्या सत्तेची ही उलथापालथ खाण्यातून जेवढी दिसते तेवढी दुसऱ्या कशातून दिसत नाही.

बाळंतिणीला काय देतात?

'सुत्केरी'ला ज्वानोचं कढण, तूप, कोंबडीचा किंवा मटणाचा रस्सा. ज्वानो म्हणजे ओवा. आपल्याकडची ओवा-बाळंतशोपा चावणारी, डिंकाचे लाडू खाणारी बाळंतीण आणि ही, दोघी सख्ख्या बहिणी शोभतील. अमेरिकेतल्या इस्पितळात बाळंतपणानंतर पहिल्यांदा पुढे येतो तो बर्फ घातलेल्या पाण्याचा पेला. मग घरून थर्मास येतो. परिचारिकेने थर्मास उघडू दिला तर काम झालं.

गुंद्रुक म्हणजे काय? ते अमेरिकेत करता येतं?

रायोची, मुळ्याची किंवा फ्लॉवरची पानं उन्हात कोमवायची, कुटून बरणीत गच्च दाबायची, काही दिवस आंबू द्यायची आणि मग खडखडीत वाळवायची. मीठसुद्धा लागत नाही, लॅक्टिक आम्ल तयार करणारे जंतू काम करतात. हिवाळ्यात त्याचं आंबटसर सूप होतं. मुळ्याचं तसंच केलं की सिन्की.

अमेरिकेत करतात, ओहायोच्या चाळवजा इमारतीत गॅलरीच्या कठड्यावर पानं वाळतात. वासावरून शेजाऱ्यांची कुरबुर होते. आपल्या सुकटीच्या वासावरून मुंबईत भांडणं होतात, तेव्हा हे नवीन नाही.

पानं कुठून आणायची हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर आहे सामुदायिक बाग. इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटीच्या 'न्यू रूट्स' उपक्रमाच्या सॅन दिएगोतल्या बागेला २०१० मध्ये मिशेल ओबामा भेट देऊन गेल्या, तेव्हा या बागांची चर्चा झाली. क्लीव्हलँडमध्ये सहा एकरांच्या आसपासची ओहायो सिटी फार्म आहे, तिथे निर्वासित शेती करतात. वाफ्यांत रायो, मुळा, दुधी, कारली, डल्ले नावाची गोल लालभडक मिरची दिसते. इस्कुस (चायोट किंवा चौचौ, वेलावरची एक फळभाजी) लावला तर गंमत होते. या वेलाला फुलायला लहान दिवस लागतात, म्हणजे तो शरदात फुलावर येतो आणि फळ धरायच्या आतच दहिवर पडून काळा होतो. पण बायकांचं काही अडत नाही. त्या उन्हाळाभर वेलाचे कोवळे शेंडे खुडून भाजी करतात, त्यांना मुन्टा म्हणतात. फळ आलं नाही म्हणून वेल वाया गेला असं त्यांच्यापैकी कुणी म्हणत नाही.

एमा दात्शी खातात का?

मिरची आणि चीजचा हा भूतानचा राष्ट्रीय पदार्थ. काही घरांत होतो, आवडीने. ज्या देशाने हाकललं त्या देशाची आमटी मात्र ठेवून घेतली.

महाराष्ट्रात असं कुणाच्या बाबतीत घडलं आहे का?

गोंदिया जिल्ह्यात नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, १९७२ पासूनची. भाजलेल्या सातूचं पीठ, म्हणजे त्सांपा, लोण्याच्या चहात कालवून खाणारी माणसं विदर्भाच्या भातपट्ट्यात येऊन राहिली. तिथल्या उन्हात सातूपेक्षा धानच सोपं. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आलेले सिंधीही बघा. त्या छावण्यांचं उल्हासनगर झालं, सिंधू नदीचा पल्ला मासा मागे राहिला, पण 'भी' म्हणजे कमळकाकडी उल्हासनगरच्या बाजारात आजही मिळते.

मी अशा कुटुंबाला भेटणार आहे. काय विचारू?

"काल दिवसभरात काय खाल्लं?" हा नेहमीचा प्रश्न इथे फसतो. "दाल-भात" एवढंच उत्तर येतं आणि ते खरंही असतं. त्याऐवजी स्वयंपाकघरात जा. तांदूळ मोजायचं माप दाखवायला सांगा आणि ते दिवसाला किती वेळा भरतं, किती माणसांत, हे विचारा. तेलाचा कॅन किती दिवसांत संपतो ते विचारा. किराणा कोण आणतं आणि कुणाच्या गाडीतून, तेही. चहात साखर किती, याचं उत्तर तुमच्या हातात कप आल्यावर आपोआप मिळेल.

"भात बंद करा" असं कृपया सांगू नका. नेपाळीत जेवलात का असं विचारतात तेच मुळी "भात खानुभयो?" असं. भात सोडा म्हणणं म्हणजे जेवण सोडा म्हणणं. एक वाढणं कमी करून त्या जागी रायो किंवा पालक, डाळ थोडी दाट, सोडा पाहुण्यांपुरता, इतकं पुरे. आजींना ढिडो आठवून द्या. नाचणीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, आणि एकदा ते घरात आलं की पुढची सूचना आजीच देतात, तुम्हाला नाही, सुनेला.

आणि वाढलेलं परत करू नका. त्यांच्यातही 'जुठो', म्हणजे उष्टं, चालत नाही, तेव्हा ताटात थोडंच घ्या, सुरुवातीलाच. दुसऱ्यांदा वाढायला त्या येणारच आहेत.